खर्जाची जागा

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली १४ फूट लांबीची आतली खोली आता 'होम थिएटर' झाली आहे. मुलाची हौस. पाच स्पीकर भिंतींवर निमूट बसले, वायर तपकीर गल्लीतून आणून झाली, पण सहाव्या डब्याने घरात पंचाईत केली. सबवूफर. ५.१ मधला तो 'पॉइंट वन'. त्याचं काम फक्त खर्जाचं.

दुकानदार म्हणाला, कुठेही ठेवा. त्यात तथ्य आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय ते आपल्या कानाला नीटसं कळत नाही. पण दिशा कळत नाही म्हणून जागेने फरक पडत नाही, असं मात्र नाही. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे हे गणित शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या सरांना फोन करून समजून घेतलं. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. आमची खोली तिच्या बरोबर निम्मी! त्यामुळे ती लाट दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीशी बसाल तर आवाज घुमतो आणि खोलीच्या ऐन मध्यावर बसाल तर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. कोपऱ्यात डबा ठेवला की सगळ्याच अशा लाटा जोरात उठतात. नातवाने अर्थातच कोपरा निवडला होता.

आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांचे यजमान दोन वर्षं अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांची खाट नेमकी आमच्या त्या कोपऱ्याखाली. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. म्हणाल्या, "काका, वर सिनेमा लागला की ह्यांच्या तांब्यावरचं फुलपात्र थरथरतं. हे डोळे मिटत नाहीत मग."

मुलगा म्हणाला, आपण नियमात आहोत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल सांगतात, हे खरं. पण ते मोजमाप माणसाच्या कानाच्या कलाने केलेलं असतं आणि ४० हर्ट्झचा आवाज त्यात जवळजवळ ३५ डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटर गप्प आणि फुलपात्र वाजतंय! बारीक आवाज भिंतीत बराचसा अडतो, खर्ज मात्र स्लॅबमधून आरपार जातो. गणपतीत ज्यांच्या खिडकीसमोर 'डॉल्बी'ची भिंत उभी राहिली आहे (हे नाव तिला कुणी दिलं कोण जाणे), त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जागा शोधण्याची एक गमतीदार पद्धत आहे. डबा आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, एक खर्जातली धून लावायची आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे आवाज सगळ्यात सारखा, न घुमणारा वाटेल, तिथे नंतर डबा न्यायचा. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी आवाजाचा हिशोब तोच राहतो, म्हणून हे जमतं. नातू रांगला. माझे गुडघे मला रांगू देत नाहीत, म्हणून मी मोबाइल घेऊन खाली खाटेशेजारी जाऊन बसलो.

वरून नातू एकेक जागा बदलत होता. मला काही ऐकू येण्याआधीच खाटेवरून शब्द यायचा, "आला." वयाने माझे कान बोथटलेत, पण ह्यांचं सगळं अंगच ऐकत होतं. कोपरा, "आला." खिडकीखाली, थोडं थांबून, "आला." बाल्कनीच्या दाराशी ठेवल्यावर बराच वेळ काही नाही, पण वरून नातू कुरकुरला, "आबा, इथे मजाच नाही."

शेवटी तोडगा मुलाने काढला. सोफा मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे ओढला आणि डबा सोफ्याच्या पाठीमागे, अगदी पाठीला लागून ठेवला. डबाच जवळ आल्यावर आवाज मोठा ठेवायची गरज उरत नाही. बटण निम्म्याहून खाली आणलं तरी वर बसणाऱ्याच्या पाठीत धडकी भरते. खाली मी पाच मिनिटं वाट पाहिली. त्यांनी डाव्या हाताने 'नाही' अशी खूण केली. डब्याखाली जाड फोमही घातलाय. त्याने हादरे थोडे कमी होतात, हवेतून जाणारा खर्ज काही थांबत नाही. म्हणून रात्री नऊनंतर तो डबा बंद, हे नातवाने स्वतःच कागदावर लिहून चिकटवलंय.

हिला मात्र सोफा भिंतीपासून पुढे आलेला अजून खपत नाही. मागे केर अडकतो म्हणते.