वहिनींचे ‘नवल’

गेल्या आषाढात, पाऊस तीन दिवस धरून बसला असता, नागावच्या आमच्या घरी टपालाने एक पुडके आले. आत छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने पुन्हा छापलेली कै. नारायण धारप यांची दोन पुस्तके होती, ‘लुचाई’ व ‘चेटकीण’. पुतण्याने मागविली असतील अशा समजुतीने सूनबाईंनी ती त्याच्या टेबलावर नेऊन ठेविली. ती आम्ही मागविली आहेत असे कळताच घरात जो हशा उसळला, त्याचा आम्हांस राग आला नाही. छत्तीस वर्षे मुलांकडून शब्दरूपे घोकून घेणाऱ्या आणि शाळेच्या ग्रंथखरेदीच्या यादीतून भुताखेतांची पुस्तके तांबड्या शाईने खोडणाऱ्या मास्तराने पासष्टाव्या वर्षी हडळीच्या गोष्टी पैसे भरून मागवाव्या, हे हसण्याजोगेच होते. माजघरातून मात्र वहिनींनी एवढेच विचारिले, “भाऊजी, आली का?”

या दोन शब्दांमागे पंचावन्न वर्षांचा इतिहास आहे. तो सांगणे आम्हांस फारसे भूषणावह नाही, तथापि सांगतो.

आमच्या वहिनी १९६७ साली या घरात आल्या. त्यांचे माहेर पुण्याचे. त्यांचे बंधू दर महिन्यास वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून एक मासिक पाठवीत, ते म्हणजे ‘नवल’. ज्यांनी १९४६ साली ‘हंस’ काढिला त्या अनंत अंतरकरांचेच हे अपत्य. ‘हंसा’त वाङ्मय, ‘मोहिनी’त विनोद आणि ‘नवला’त गूढ, भय व अद्भुत, अशी त्यांनी तिन्ही मासिकांची वाटणी केली होती. १९६६ साली अनंतराव निवर्तल्यावर त्यांचे चिरंजीव आनंदराव यांनी हा प्रपंच पुढे रेटला. पाठीशी कोणी धनिक नाही, वर्गणीदारांची संख्या बेताची, आणि संपादकापासून पुडकी बांधणाऱ्यापर्यंत सर्व कारभार घरगुती वळणाचा. अशा स्थितीत केवळ विचित्र कथांना वाहिलेले मासिक चालविणे हे धाडसच म्हटले पाहिजे. प्रतिष्ठित नियतकालिके ज्या कथांस दारात उभे करीत नसत, त्यांस येथे पाटावर बसविले जाई. परदेशी गूढकथांची रूपांतरेही ‘नवला’मुळेच आमच्यासारख्या खेड्यापाड्यांत पोचली. पुढे दिवस पालटले आणि ही मासिके दिवाळी अंकांच्या रूपानेच काय ती निघत राहिली.

आमच्या घरी या मासिकास मान नव्हता. तीर्थरूप त्यास ‘ते बाड’ म्हणत. दिवेलागणीनंतर, स्वयंपाकघर आवरून, सर्वांची अंथरुणे पडल्यावर वहिनी माजघरात कंदील बारीक करून वाचीत बसत. मागीलदारी सुपारीची वाडी, वाडीत रहाटाची विहीर, विहिरीपलीकडे मुंज्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला पिंपळ. आम्ही तेव्हा शाळकरी. त्या वेळी मागीलदारी जाण्यास सोबत लागे. आणि या बाई तिकडे पाठ करून भुताच्या गोष्टी वाचीत!

वहिनींची थोरली मुलगी १९७१ साली त्या विहिरीत गेली. अडीच वर्षांची होती. त्याविषयी अधिक लिहीत नाही. इतकेच नमूद करितो, की तेराव्यानंतर तिचे नाव आमच्या घरात कोणी उच्चारिले नाही. ही निर्दयता नव्हती. दुःख झाकून ठेविले की विरते असा त्या काळच्या वडीलधाऱ्यांचा प्रामाणिक समज होता. विहिरीवर जाळी बसली, एक शांत झाली, आणि विषय संपला.

मॅट्रिक झाल्यावर आम्ही पुण्यास एका पाठशाळेत काव्य व व्याकरण शिकण्यास राहिलो व १९८० साली परत आलो. चार वर्षांच्या अध्ययनाने डोक्यात जे वारे भरले होते, त्याची आज लाज वाटते. दिवाळीची साफसफाई निघाली होती. माळ्यावर वहिनींच्या ट्रंकेशेजारी सुतळीने बांधलेले ‘नवल’चे गठ्ठे होते, दहाबारा वर्षांचे. घरातील सूनेने असले वाचावे हे आम्हांस कमीपणाचे वाटले. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबात ढलप्यांबरोबर ते सर्व गठ्ठे आम्ही आपल्या हातांनी घातले. पाणी उत्तम तापले. वहिनी उटणे वाटीत होत्या. त्यांनी पाहिले आणि काही बोलल्या नाहीत.

गंमत ही, की त्याच वेळी आमच्या पडशीत भवभूतीचे ‘मालतीमाधव’ होते. त्याचा पाचवा अंक आम्हांस मुखोद्गत होता. त्यात नायक स्मशानात नरमांस विकावयास निघतो, पिशाचांच्या झुंडी वर्णिल्या आहेत, आणि अघोरघंट व कपालकुंडला मालतीस चामुंडेपुढे बळी देण्याच्या तयारीत असतात. हे सर्व संस्कृतात असल्यामुळे शिरोधार्य, आणि मराठीत आठ आण्यांच्या कागदावर छापल्यामुळे बंबात! भरतमुनींनी आठ रसांत भयानकास स्थान दिले, त्याचा वर्ण कृष्ण व देवता काल म्हणून सांगितली. हे आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. ज्या शास्त्राच्या जोरावर आम्ही न्यायाधीश झालो, ते शास्त्र मुळी आरोपीच्याच बाजूचे होते.

मराठी मुद्रणाचा आरंभ पाहिला तरी हेच दिसते. बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात १८१४ साली वैजनाथ शर्मा यांची ‘सिंहासनबत्तिशी’ निघाली; १८३० साली ‘बाळमित्र’कार सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणिली. ज्या केरूनाना छत्र्यांचा जन्म आमच्या याच नागावचा, त्यांचे हे बापू चुलते. म्हणजे मराठी गद्य छापून नीट चालू लागते न लागते तोच त्याच्या खांद्यावर प्रेत येऊन बसले होते. आणि ते बसविणारा गृहस्थ शाळाखात्यातला, म्हणजे आमच्याच धंद्यातला! शाळेच्या यादीवर तांबडी शाई चालविताना हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते; परंतु माहितीचा माणसाच्या वागण्याशी संबंध असतोच असे कोठे आहे?

असो. सेवानिवृत्तीनंतर एकदा मागीलदारी पडवीत बसलो असता आम्ही वहिनींस विचारिले, “वहिनी, त्या विहिरीकडे पाठ करून तुम्ही असल्या गोष्टी वाचीत होता; भय नाही वाटले?” त्या तांदूळ निवडीत होत्या. म्हणाल्या, “त्या गोष्टींत मेलेली माणसं परत येतात, भाऊजी. आपल्या घरात तर नावसुद्धा येत नव्हतं.”

काही वेळाने आम्ही बंबाची गोष्ट काढिली व चुकलो असे म्हटले. चाळीस वर्षांनी म्हटले. त्या म्हणाल्या, “एक गोष्ट अर्धीच राहिली होती माझी.” कोणती, ते त्यांना आता आठवत नाही.

तेव्हापासून आम्ही जुन्या ‘नवल’चा शोध घेत आहो. अलिबागेस, पनवेलीस, पुण्याच्या रद्दीच्या दुकानांत फिरलो. चार सुटे अंक मिळाले, एकाचे मुखपृष्ठ नाही. या वाङ्मयाची हीच गत झाली. धारपांची पुस्तके (त्यांनी शंभरावर लिहिली) भाड्याच्या वाचनालयांतून हातोहात फिरून अक्षरशः झिजून संपली. सार्वजनिक ग्रंथालयांनी ती जपण्याजोगी मानिली नाहीत, आणि आमच्यासारख्यांनी त्यांत भर घातली. २००८ साली धारप वारले. साकेतसारख्या प्रकाशकाने त्यांची पुस्तके पुन्हा जुळवून बाजारात आणिली नसती, तर पुढच्या पिढीस केवळ नावच ऐकू आले असते.

पुढची पिढी मात्र भलत्या वाटेने त्यांच्यापर्यंत येत आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ चित्रपटाचे (२०१८) बीज धारपांच्या एका कथेत आहे, नाव श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले. पहिल्या वेळी तो बेताचाच चालला; २०२४ साली पुन्हा लाविला तेव्हा पूर्वीपेक्षा अधिक चालला. आमचा पुतण्या दोन्ही वेळा जाऊन आला आणि नंतर ‘आजी कोणी लिहिली’ म्हणून आमच्याकडे चौकशी करू लागला. ‘आजी’ ही धारपांची कथा स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेवरून बेतलेली. ‘लुचाई’चेही कूळ तेच. यावरून नाके मुरडणारे आहेत. आमचे मत निराळे आहे. बी परक्याचे असले तरी रोप आपल्या मातीत धरले की नाही, एवढेच पाहावे. धारपांच्या पुस्तकांतील वाडे, बोळ व माणसे वाचताना वहिनींस कोठेही परके वाटत नाही, आणि त्यांच्याहून चांगला परीक्षक आम्हांस माहीत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा त्यांना अधिक आवडतात, कारण त्यांत भुतापेक्षा माणसाचे भय अधिक. हृषीकेश गुप्ते यांचे ‘हाकामारी’ पुतण्याने आणून दिले, तेव्हा नुसते नाव ऐकून त्या उठून बसल्या. रात्री दारावर येऊन ओळखीच्या आवाजात हाक मारणारी ही बया त्यांनी लहानपणी ऐकिलेली. पहिल्या हाकेस ओ देऊ नये, हे त्यांना त्यांच्या आजीने शिकविले होते.

वहिनींचे वय आता अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांनी अक्षर लागत नाही. दुपारी जेवणे झाल्यावर आम्ही वाचतो, त्या ऐकतात. आमचे वाचन शाळामास्तरी. प्रत्येक विरामचिन्हास थांबतो. परवा ‘लुचाई’ वाचताना एका ठिकाणी आम्ही पाने उलटून घाईने पुढे जाऊ लागलो, कारण तेथे एका मुलाच्या मरणाचा प्रसंग होता. त्यांनी हात वर केला. “गाळू नका. आहे तसं वाचा.” आम्ही वाचिले. ऐकून झाल्यावर त्या थोडा वेळ स्वस्थ होत्या. मग आपल्या मुलीस परकराचा कोणता रंग आवडे, ती रहाटाच्या आवाजाबरोबर कशी डोलत असे, ते आपण होऊन सांगू लागल्या. सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी हे नाव पहिल्याने ऐकिले.

आणखी तीन पुस्तके मागविली आहेत. पावसाने टपालाचा नेम नाही. टपालवाला फाटकावरून पुढे गेला, की माजघरातून विचारणा होते.