माझ्या मापाची सायकल

आमच्या शाळेतल्या शिक्षिकांची भिशी आहे. १५ जणी, महिना ४,००० रुपये. या फेरीत माझा नंबर शेवटून दुसरा लागला. ६०,००० रुपये घरी आणले, त्या संध्याकाळी प्रत्येकाने मनातल्या मनात त्यांचा हिशेब करून टाकलेला होता. मुलांच्या अब्बांना वाटत होते, लेकीसाठी थोडे सोने घेऊन ठेवावे. ती आता अकरावीला आहे, दिवस जायला वेळ लागत नाही. मुलाच्या डोळ्यांपुढे लॅपटॉप होता. अम्मीचे म्हणणे, पावसाळ्याआधी गच्चीची गळती काढून घे.

मी म्हटले, "मला सायकल घ्यायची आहे."

थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, "साठ हजारांची?"

वाचक भगिनींनो, तुमच्याही मनात हाच प्रश्न आला असेल. म्हणून आधी थोडे मागचे सांगते.

अम्मी गेली आठ वर्षे माझ्याकडेच असते. तिला साखरेचा आजार होऊन २५ वर्षे झाली. सुरुवातीला आम्ही कोणीच तो मनावर घेतला नाही. घरात शिरखुर्मा झाला की तीही एक वाटी घ्यायची आणि म्हणायची, एका वाटीने काय होते! पुढे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला. लेझर झाले, इंजेक्शने झाली. आज तिला फक्त उजेड आणि सावली कळते. पलंगापासून वजूच्या जागेपर्यंत किती पावले, हे तिला पाठ आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी झाली. आकडा आला ६.२. डॉक्टरांनी समजावले, ५.७ ते ६.४ म्हणजे आजार झालेला नाही, पण तो उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटे अंग हलले पाहिजे. चालायला लागले तर गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, गुडघ्यावर वजन येत नाही. घरात लेकीची जुनी लेडीज सायकल होती. फजरची नमाज झाली की मी ती काढू लागले. पहिल्या दिवशी मिरजेच्या बाहेर जेमतेम दोन किलोमीटर गेले आणि परतताना धापा टाकत होते. वर्षभरात २० किलोमीटर सहज होऊ लागले. सांगली-मिरजेतल्या सकाळच्या सायकलवाल्यांत दोन मैत्रिणीही मिळाल्या. कोणी म्हणाले, "टीचर, या वयात?" मी म्हणत असे, "याच वयात!"

एका रविवारी आम्ही दंडोबाला निघालो. पंढरपूर रस्त्याला भोसे गावाजवळचा हा डोंगर सगळ्या मिरजकरांना माहीत आहे. पायथ्यापर्यंत मी मैत्रिणींबरोबर होते. चढ सुरू झाला आणि त्या दोघी गिअर बदलून हळूहळू वर निघून गेल्या. मी उतरून सायकल ढकलू लागले. त्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८. आमच्या गणिताच्या सरांनी दुसऱ्या दिवशी भागाकार करून दाखवला: पायडलचा एक फेरा मारला की चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. सपाट रस्त्यावर ते बरे, चढावर पाय थांबतात. त्या दिवसापासून रोड सायकलचे वेड डोक्यात शिरले. वाकड्या हँडलची, अरुंद टायरची, हलकी सायकल.

खरे सांगायचे तर साखरेसाठी रोड सायकलच हवी असे काही नाही. जुन्या सायकलवरही घाम येतो. मला ती हवी होती, एवढेच. वीस वर्षे नोकरी करते आहे. आजवर घेतलेली प्रत्येक मोठी वस्तू घरासाठी नाहीतर मुलांसाठी होती, आणि तिची मला कधी खंत वाटली नाही. पण ही पहिली वस्तू होती जी मला माझ्यासाठी हवी होती, आणि ते मोठ्याने बोलायला मला फार दिवस लागले.

मग प्रश्न आला इसराफचा. हा नाहक खर्च तर नाही ना? रात्री वहीवर तीन रकाने आखले. १२-१५ हजारांत गिअरची सायकल मिळते, पण तिला पुढे जाड स्प्रिंगचे वजनदार फोर्क असते. ती घेऊन सहा महिन्यांत गंज चढवला तर तोही इसराफच. लाखाच्या वरच्या सायकली सुंदर आहेत, पण त्यांतले निम्मे कौशल्य माझ्या पायांना कळणारही नाही. ती रक्कम दाखवण्यासाठीच खर्च होईल. मधला रकाना उरला. मुलांचे अब्बा वही वाचून म्हणाले, "पैसे तुझे आहेत. पण गच्चीची गळती?" गळतीचा खर्च आम्ही दोघांनी पगारातून निम्मा-निम्मा वाटून घेतला. सोन्याचा विषय लेकीनेच संपवला. ती म्हणाली, "अम्मी, माझ्या नावावर तू स्वतःला अडवू नकोस."

ज्या दुकानात प्रथम गेले तिथल्या मुलाने मला ८५,००० ची सायकल दाखवली. "टीचर, साठ आता द्या, बाकीचे हप्त्याने. व्याज शून्य." मी कागद मागून घेतला. बारीक अक्षरात वाचले तर बँक व्याज लावतच होती. दुकान तेवढी सूट किमतीत देत होते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा आणि वर कागदपत्रांची फी. नाव शून्याचे, पण व्याज होतेच. मी कागद परत दिला आणि ठरवले, हातात आहे तेवढ्यातच. चार महिने थांबले, महिना अडीच हजार बाजूला टाकले. ७०,००० झाले. त्या चार महिन्यांत मी जे शिकले ते घाईत कधी शिकले नसते.

पहिला धडा चुकीतूनच मिळणार होता, थोडक्यात वाचले. माझ्या भावाने पुण्यात एक वापरलेली सायकल शोधून काढली. कार्बनची फ्रेम, शिमानोचा १०५ हा वरच्या दर्जाचा गिअरसंच, किंमत ५५,०००. नवी असती तर माझ्या पगाराच्या आवाक्यातली नव्हती. भाऊ म्हणाला, "आपा, डोळे मिटून घे." गेले, बसले, १० किलोमीटर चालवून पाहिली. उडत होती ती! पण हँडल इतके पुढे की मी जवळजवळ झोपले होते. मान आखडली, करंगळ्या बधिर झाल्या. फ्रेमवर ५४ आकडा होता. विकणारा म्हणाला, स्टेम आखूड टाकला की झाले.

मिरजेला परत येऊन आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्री चाचांना विचारले. ते चाळीस वर्षे सायकली दुरुस्त करतात. ते म्हणाले, "बेटी, दोन नंबर मोठी चप्पल घेऊन पट्टा आवळलास तर चालशील. पळशील का?" आणि आणखी एक गोष्ट सांगितली. लोखंड वाकले तर दिसते, ॲल्युमिनियमला चीर गेली तर बहुधा दिसते. कार्बनच्या आत काय झाले आहे ते वरून कळेलच असे नाही. ओळखीच्या माणसाची असती तर गोष्ट वेगळी. मी पुण्याला नाही कळवून टाकले. भाऊ दोन दिवस रुसला होता.

त्यानंतर मी नावे सोडली आणि माप धरले. हे घरच्या घरी होते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत सरळ धरायचे आणि त्याच्या कडेची खूण भिंतीवर करायची. लेकीने टेप लावला: ७३ सेंटिमीटर. याला ०.६७ ने गुणले की रोड सायकलच्या फ्रेमचे अंदाजे माप येते. माझे आले ४९. आणि ०.८८३ ने गुणले की पायडलच्या मधल्या धुरीपासून सीटपर्यंतची उंची, म्हणजे साडेचौसष्ट. कंपनीगणिक फ्रेमची ठेवण वेगळी असते, म्हणून बसून पाहणे सुटत नाही. पण ५४ ची फ्रेम माझी नव्हे, हे भिंतीने तेव्हाच सांगितले.

दुसरे, बसण्याची ढब. रोड सायकली ढोबळमानाने दोन जातींच्या. शर्यतीच्या सायकलीत हँडल खाली आणि लांब. लांब पल्ल्याच्या सायकलीत हँडल जरा वर आणि जवळ. चाळिशीच्या पाठीला दुसरी. तिचा वरचा दांडाही बहुधा उतरता असतो. लेडीज सायकलवरून येणाऱ्या बाईला लांब कुर्त्यासह टांग टाकायची असते, त्यामुळे हा दांडा फार महत्त्वाचा.

तिसरे, गिअर. शिमानोच्या संचांची पायरी लक्षात ठेवायला सोपी आहे: क्लॅरिसला मागे ८ चकत्या, सोराला ९, टियाग्राला १०. प्रत्येक पायरीला किंमत चढते. मी विचार केला, मला वेगाचा गिअर कोणता हे महत्त्वाचे नाही, सर्वांत हलका कोणता हे महत्त्वाचे. सोरा असलेल्या एका सायकलीला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या होत्या आणि मागे सर्वांत मोठी ३२ ची. ३४ भागिले ३२ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा, किंचित जास्त. दंडोबा मला त्या भागाकारात दिसला.

चौथे, दुरुस्ती. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक उत्तम असतात, पण बिघडले तर मिरजेत कोण पाहणार? वायरवर चालणारे डिस्क ब्रेक चाचा स्वतः आवळून देतात, आणि पावसात भिजलेल्या रिमवर घासणाऱ्या रबरापेक्षा ते जास्त भरवशाचे. टायरही २८ मिलिमीटरचे पाहिले, ३२ चेही बसतील अशा फ्रेममध्ये. आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची जी दशा केलेली असते, तिथे २३-२५ चे टायर म्हणजे रोजचा पंक्चर.

शेवटी घेतली ती ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, कार्बनच्या फोर्कची, सोरा गिअरची, सर्वांत लहान मापाची. ६२,०००. दुकानदाराने ब्रेकची लिव्हरे स्क्रू फिरवून आत घेऊन दिली, कारण माझी बोटे तिथवर पोचत नव्हती. लहान हाताच्या बायांनी हे आवर्जून करून घ्यावे.

उरलेले ८,००० मुद्दाम राखले होते. सायकलच्या किमतीतच सगळे येते असे समजून पाकीट रिकामे करू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, दोन ट्यूब, पंप, बाटली. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, चौकातल्या दुकानाचा पंप त्याला लागत नाही. त्यासाठी पितळेचे छोटे टोपण मिळते, ते जवळ ठेवावे. हेल्मेट मी स्कार्फ बांधूनच घालून पाहिले, मागे आवळायची चकती असलेले घेतले. ओढणी सायकलवर नको, चाकात जाते. स्कार्फ सुती आणि टोके आत खोचलेली. चेनला झाकण नसते, म्हणून उजव्या पायाच्या घोट्याला पट्टी.

सायकल घरी आली तेव्हा अम्मी अंगणात बसली होती. मी तिचे हात धरून हँडलवर ठेवले. तिने दोन्ही वाकड्या दांड्यांवरून बोटे फिरवली आणि म्हणाली, "मेंढे के सिंगां हैं क्या गे?" सगळे हसलो. मग तिने सीट चाचपली, टायर दाबून पाहिले, चाक फिरवून त्याचा आवाज ऐकला. म्हणाली, "घंटी कुठे आहे?" या सायकलींना घंटी नसते, असे मुलाने सांगितले. अम्मीला ते पटेना. मी दुसऱ्याच दिवशी चाचांकडून ५० रुपयांची पितळी घंटी बसवून घेतली. मैत्रिणी हसतात, शोभत नाही म्हणतात.

दंडोबा तिसऱ्या प्रयत्नात चढले, न उतरता, सर्वांत हलक्या गिअरवर, मागून येणाऱ्या एका आजोबांच्या सायकलीला वाट देत. गेल्या महिन्यातल्या तपासणीत आकडा ५.९ आला. उंबरा अजून तिथेच आहे, पण पाहुणा दोन पावले मागे सरकला आहे, अल्हम्दुलिल्लाह.

सकाळी परतताना गल्लीच्या तोंडाशी मी घंटी वाजवते. अम्मी तोवर तसबीह घेऊन दाराशी येऊन बसलेली असते. घंटी ऐकली की ती आत आवाज देते, "चहा टाका, आली ती." आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असे, "बिनसाखरेचा."