जखमेची कड

घोट्याच्या आतल्या बाजूची, महिनोन्‌महिने वाहणारी जखम उघडली की सगळ्यांच्या नजरा तिच्या तळाकडे जातात. तळ लाल आहे का, पिवळा थर किती, वास येतो का. माझ्या मते आधी बघायची ती भोवतालची दोन-तीन बोटं कातडी. शिरांच्या झडपा निकामी होऊन झालेल्या जखमेचा तळ मांसाने भरून येतो, पण त्यावर नवी त्वचा पसरते ती मुख्यतः काठावरच्या पेशी आत सरकल्यामुळे. काठच पांढराफटक, भिजून सुरकुतलेला असेल तर तळ लालबुंद असूनही जखम अडून बसते, पुष्कळदा रुंदावतेही.

काठ बिघडवतं बहुतेकदा जखमेचंच पाणी. ताज्या जखमेचा स्राव पेशींच्या वाढीला हातभार लावतो. जुनाट जखमेच्या स्रावात प्रथिनं तोडणारी विकरं साचलेली असतात आणि ती चांगल्या कातडीलाही सोडत नाहीत. पाणी खाली उतरतं, म्हणून खालची कड आधी सोलते. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही. तिथे रंग गडद किंवा जांभळट होतो, तेव्हा बोटांच्या पाठीने ऊब चाचपावी. उरलेलं नुकसान आपल्याच हातचं. ओलं गॉझ कडेबाहेर पसरतं. चिकटपट्टी वर खेचली की त्वचेचा वरचा थर तिच्यासोबत येतो; ती स्वतःवरच दुमडत, कातडीलगत, दुसऱ्या हाताने त्वचा दाबून धरत काढायला मिनिटभर जास्त लागतो, एवढंच. पॉल उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केलेली झिंकची पेस्ट आजही कामाची आहे, पण ती रोज घासून साफ करण्याचा हट्ट कशाला? मळलेला वरचा थर तेलाच्या बोळ्याने पुसावा, खालचा राहू द्यावा.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: मूळ दुखणं शिरांमधल्या दाबाचं, मग कातडीला मलम फासून काय होणार? खरंच, पायाचा रक्तपुरवठा तपासून बांधलेल्या दाबपट्टीइतका परिणाम कुठल्याच मलमाचा नाही. सूज उतरली की पाणीही घटतं. पण पट्टी बांधायची त्याच कातडीवर. ती सोलून आग व्हायला लागली की रुग्ण घरी जाऊन पट्टी सोडतो, आणि उपचार तिथेच थांबतो. दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: जखम उघडी ठेवा, वाळू द्या. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर त्वचा लवकर चढते. म्हणजे तळाला ओल हवी, कडेला नको. एकाच ड्रेसिंगखाली दोन्ही सांभाळायचं, खरी कसरत ती. तेलकट पेस्टवर चिकट ड्रेसिंग धरत नाही, हेही खरं. तिथे सिलिकोनचा पारदर्शक थर बरा, आणि तो परवडत नसेल तर व्हॅसलीनचा पातळ हात देऊन न चिकटणारं ड्रेसिंग पट्टीने बांधावं.

मात्र जे दिसेल ते मलम लावू नये. पायाच्या जुनाट जखमांच्या रुग्णांत निओमायसिन, लॅनोलिन, सुगंधी द्रव्यं यांची अ‍ॅलर्जी वारंवार आढळते. जिथे मलम लागलं नेमकं तिथेच खाज आणि बारीक पुरळ उठलं, तर अँटिबायोटिक लिहिण्याआधी ती ट्यूब बंद करून बघावी.