भाड्याची सायकल

गेल्या मे महिन्यात एका दुपारी वळवाचा पाऊस आला. वीज गेली, आली, पुन्हा गेली आणि परत आली ती आमच्या संगणकाचा प्राण घेऊनच. दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, वास घेतला आणि म्हणाला, "मदरबोर्ड गेला, ग्राफिक्स कार्डही गेले. ह्यात आता पैसे घालू नका." दादा पुण्याला नोकरीला जाताना ते यंत्र माझ्या स्वाधीन करून गेला होता. माझे सगळे खेळ त्यावरच चालत.

नव्या यंत्राचा भाव काढला. नवे खेळ नीट चालतील असे काही साठ-सत्तर हजारांच्या खाली मिळेना. त्याच महिन्यात ताईची एम. एस्सी.ची फी भरायची होती. अशा वेळी घरात सत्तर हजारांचा विषय काढायला जी छाती लागते ती मला देवाने दिलेली नाही. तेव्हा वर्गातला एक कानडी मित्र धावून आला. (तो ह्याच अंकाच्या कानडी विभागात कविता लिहितो, म्हणून नाव सांगत नाही.) तो म्हणाला, "एन मारायाऽ, यंत्र कशाला पाहिजे? क्लाउडवर खेळ की!"

क्लाउडवर खेळणे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. खेळ आपल्या घरी चालतच नाही. तो चालतो दूरच्या एखाद्या शहरात, कंपनीच्या बलदंड संगणकावर. आपण बटण दाबले की ती खबर तिकडे जाते, तिकडचा संगणक त्याप्रमाणे चित्र काढतो आणि ते चित्र चलच्चित्राच्या रूपाने आपल्या पडद्यावर येते. म्हणजे आपल्याकडे पडदा, बटणे आणि इंटरनेटची चांगली लाइन एवढे असले की पुरे.

मी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला आणि बाबांपुढे ठेवला. महिना पाचशे रुपये, वर्षाचे सहा हजार. सत्तर हजार व्हायला साडेअकरा वर्षांहून जास्त लागतील आणि तोवर विकत घेतलेले यंत्र भंगारात गेलेले असेल. शिवाय ते यंत्र खेळताना तीन-चारशे वॅट वीज खाणार ती वेगळीच. बाबांनी चष्मा वर करून कागद पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे भाड्याची सायकल म्हण की! आमच्या वेळी तासावर मिळायची. घे बाबा, घे."

पहिला आठवडा स्वर्गात गेला. ताईचा जुना लॅपटॉप, जो साधी मोठी फाईल उघडताना धापा टाकतो, तोच डोंगर, नद्या आणि धावत्या मोटारी दाखवू लागला. मला वाटले, सत्तर हजार रुपये वाचवणारा मीच ह्या घरातला खरा अर्थशास्त्रज्ञ!

मग मी क्रिकेट खेळायला घेतले आणि माझा त्रिफळा उडाला. पुन्हा खेळलो, पुन्हा उडाला. बॅट फिरायची, पण चेंडू यष्ट्यांत गेल्यावर. कारण शोधले तेव्हा कळले की बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत काही क्षण जातातच. समजा हा उशीर ८० मिलिसेकंदांचा आहे. सेकंदाचा बारावा भागसुद्धा नाही. पण ताशी १४० किलोमीटरने येणारा चेंडू तेवढ्यात तीन मीटर पुढे सरकतो! सिनेमा पाहताना हा उशीर जाणवत नाही, कारण पुढचे दृश्य आधीच आणून ठेवता येते. खेळात पुढचे दृश्य मी काय करीन त्यावर ठरते. ते आधी आणून ठेवणार कसे?

गंमत अशी की दोष अंतराचा फारसा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई आपल्यापासून पाचशे किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. वेळ खातात ती मधली थांबणी. मुंबईची गाडी हळू धावते म्हणून उशीर होत नाही, मिरजेला ताटकळते म्हणून होतो, तसेच हे. चित्र दाबून लहान करण्यात वेळ जातो, इकडे उलगडण्यात जातो आणि सर्वांत अनिश्चित थांबा तर आपल्या घरातलाच, वायफायचा. मी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ वायर ओढली. खेळ पुष्कळ सुधारला. ती वायर आईच्या पायात दोनदा अडकली, तो खर्च हिशेबात धरलेला नाही.

दुसरा धडा खानापूर तालुक्यात मामाच्या गावी मिळाला. तिथे घरी लाइन नाही, म्हणून मोबाईलवर खेळायला बसलो. स्पष्ट चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट लागतात असे धरले तर तासाला सव्वाअकरा जीबी होतात. माझी दिवसाची २ जीबी अकराव्या मिनिटाला संपली. मामा म्हणाला, "झाला खेळ? मग चल गोठ्यात."

ह्या सगळ्यावर मी उपाय काढला. क्रिकेट सोडले आणि शहर वसवण्याचा एक सावकाश खेळ घेतला. ज्यात डाव विचार करून टाकायचा तिथे थोड्या उशिराने काही बिघडत नाही. रोज रात्री जेवणानंतर तासभर मी गाव बांधायचो. बाबांचा जन्म पाणीपुरवठ्याच्या नोकरीत गेला. खेळांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिले नव्हते. पण एक दिवस ते मागून म्हणाले, "अरे खुळ्या, गटार नदीच्या वरच्या अंगाला सोडलंस आणि पिण्याचं पाणी खालून उचलतोस? गाव मरेल की!" खरोखरच माझ्या गावात रोगराई चालू होती. मी गटार हलवले, गाव बरे झाले. त्यानंतर बाबा रोज खुर्ची ओढून बसू लागले. बापलेकांत मार्कांखेरीज दुसरा विषय निघाल्याचे आमच्या घरात ते पहिलेच उदाहरण असावे.

दोन महिने असे गेले. गावाची वस्ती चाळीस हजारांवर गेली. मग एके रात्री सेवा उघडली तर यादीत तो खेळच नाही. कंपनीचा त्या खेळाशी असलेला करार संपला होता. फसवणूक म्हणता येणार नाही, अटींमध्ये तसे लिहिलेले होते आणि अटी मी वाचल्या नव्हत्या. खेळ विकत घ्यावा तर तो ताईच्या लॅपटॉपवर चालणार नाही. गाव कुठे तरी असेल, पण तिथे जायचा रस्ता बंद झाला.

हे काही माझ्याच नशिबी आले असे नाही. अमेरिकेत ऑनलाइव्ह ही सेवा २०१० मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये बंद पडली. गूगलने २०१९ च्या नोव्हेंबरात स्टेडिया सुरू केली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी मिटवली. खेळांचे पैसे गूगलने परत केले, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण पैशाबरोबर खेळलेले तास परत येत नाहीत. उलट बाजूही सांगतो. यंत्र घरचे असले म्हणजे सुटलो असेही नाही. 'द क्रू' हा मोटारींचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला होता. २०२४ च्या मार्चअखेर कंपनीने आपले सर्व्हर बंद केले आणि घरोघरची यंत्रे धडधाकट असून तो खेळ संपला.

तर मग क्लाउडवर खेळणे परवडते का? माझ्यापुरते उत्तर असे : घरी चांगली लाइन असेल, महिन्यातून चार-आठ दिवस खेळायचे असेल, खेळ सावकाश जातीचा असेल आणि सत्तर हजार नसतील, तर जरूर परवडते. ज्याला अटीतटीचे सामने खेळायचे आहेत, किंवा ज्याचा एखाद्या खेळावर जीव जडायचा आहे, त्याने वाट पाहावी आणि स्वतःचे यंत्र घ्यावे. माझ्या कॅलेंडरवरच्या हिशेबात रुपये बरोबर होते. जीव जडण्याचा रकाना मात्र मी काढलाच नव्हता.

मी वर्गणी थांबवली आहे. आठवीच्या दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या आहेत. ते पैसे पोस्टात टाकतो. सत्तर हजार व्हायला अजून बराच काळ लागेल.

परवा जेवताना बाबांनी एकदम विचारले, "त्या गावाला पाणी पुरत असेल का रे आता?"

मी म्हटले, "पुरत असेल, बाबा. टाकी तुम्ही सांगितली तिथेच, टेकडीवर बांधलीय."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि ताकाची वाटी पुढे केली.