विंचू घरात आला!

"अगं, हा विंचू आहे ना?"

गाडी दारात उभी होती, माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता आणि आई ओवाळणीचं ताट घेऊन बॉनेटसमोर थबकली होती. तिची नजर लोगोवर खिळलेली. मी तिला समजावलं, की कार्लो अबार्थ नावाचा माणूस 1908 साली व्हिएन्नात जन्मला, त्याची रास वृश्चिक, म्हणून 1949 मध्ये त्याने गाड्यांची कंपनी काढली तेव्हा लोगोवर विंचू आला. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! फ्लॅटसाठी साठवलेल्या पैशांची गाडी आणलीस, आता त्यातच राहा."

टोमणा होता, पण खोटा नव्हता. वय 28, व्यवसाय फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे लेख आज छापून येतो आणि चेक तीन महिन्यांनी. बरोबरीच्या मित्रमैत्रिणींचे बाणेर-वाकडला टू बीएचके, वीस वर्षांचे ईएमआय वगैरे सुरू झालेत. माझ्याकडे होती एक एफडी, साडेसहा लाखांची. ती मोडून मी सेकंडहँड गाडी घेतली, तीही ऑफिसला जाण्यासाठी नव्हे (ऑफिस आहेच कुठे?), तर ट्रॅकवर पळवण्यासाठी. वेडेपणा? असेल. पण त्यामागे एक कारण होतं, जे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचा एक, एक्स्प्रेस वे, मित्राची गाडी आणि स्टेअरिंगवर मी. सपाटीवर लिमिट 100 ची आहे हे मला पक्कं माहीत होतं. काटा 150 वर होता. रस्ता रिकामा, गाणी चालू, एकदम सॉलिड वाटत होतं. आणि अचानक उजव्या लेनमध्ये एक कंटेनर, टेल लॅम्प बंद. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी थांबली तेव्हा समोरच्या नंबरप्लेटवरची धूळसुद्धा दिसत होती. पुढच्या फूड मॉलवर चहाचा कप धरवत नव्हता. शेजारी बसलेला मित्र घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याची आई त्याच्यासाठी जागी होती.

त्या रात्री दोन गोष्टी कळल्या. एक, मला वेग आवडतो आणि ते काही जाणार नाही. दोन, तो रस्त्यावर भागवायचा नाही. जिथे समोरून कोणी येत नाही, कंटेनर नसतो आणि वळण चुकलं तर बाजूला मोकळी जागा असते, तिथे जायचं. अशी जागा म्हणजे रेस ट्रॅक.

आता स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दोन दरवाजे, उघडं छप्पर, समुद्रकिनारा. पण जगभरातल्या हौशी ड्रायव्हर्सची लाडकी माझदा एमएक्स-5 भारतात कंपनीने कधी विकलीच नाही. आपल्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची टू-सीटर बनायची, पण आज ती मिळणं कठीण आणि दिसायला झकास असली तरी इंजिन साधंच. बाकी जर्मन मंडळींच्या किमती बघून मी लॅपटॉप बंद केला.

मग सापडली अबार्थ पुंटो. ऑक्टोबर 2015 मध्ये आली तेव्हा किंमत होती 9.95 लाख, एक्स-शोरूम. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दिसायला चार-पाच जणांची फॅमिली हॅचबॅक, मागे भाजीच्या पिशव्या मावतात. आणि इटालियन नाव असलं तरी जन्म आपल्या पुणे जिल्ह्यातला, रांजणगावचा! महागणपतीच्या गावात तयार झालेला विंचू. फियाटने इथला संसार गुंडाळला, आज त्या कारखान्यातून जीपच्या गाड्या बाहेर पडतात. पण अबार्थवाल्यांचं आपापसात मस्त जमतं. कुठला पार्ट कुठे मिळेल, हे एकमेकांना विचारून सगळे चालवतात.

पहिली गाडी एका डीलरकडे पाहिली. लाल रंग, आरशासारखी चकचकीत. मी पाहताक्षणीच विरघळले आणि दहा हजार टोकन देऊन मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. 32 वर्षं. कपाटात 25 वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे, तो आई दर दिवाळीला पुसून ठेवते. लहानपणी सुट्टीत बाबांच्या गाडीने जायचे, तेव्हा केबिनमधल्या इंजिनच्या झाकणावर घोंगडी टाकून मला बसवायचे. माझं गाडीचं वेड तिथलंच. पण स्वतःची चारचाकी बाबांनी कधी घेतली नाही.

डीलर पूर्ण वेळ बाबांशीच बोलत होता. "साहेब, मॅडमसाठी एखादी ऑटोमॅटिक दाखवू का?" बाबा म्हणाले, "गाडी ती घेतेय. मी नुसता बघायला आलोय." मग खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला लागले. डाव्या दरवाज्यावर ते चिकटेना. "इथे लांबी भरलीय," बाबा म्हणाले. म्हणजे पत्रा चेपला, तो जेमतेम सरळ केला, वर पुट्टीचा थर देऊन रंग मारला. मग बॉनेट उघडून मडगार्डचे बोल्ट दाखवले, त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला. काचांवर बारीक अक्षरात साल असतं. पाच काचांवर एक, सहावीवर दुसरंच.

"गाडी ठोकलेली आहे. आणि त्यांनी ते सांगितलं नाही. ठोकल्यापेक्षा न सांगितलेलं वाईट."

टोकन परत मिळालं नाही. रिक्षात मी बाबांशी भांडले. गाडीवर नव्हे, त्यांचं बरोबर निघालं यावर.

दुसरी गाडी नाशिकला सापडली. 2016 चं मॉडेल, पांढरी. मालक बँकेत नोकरीला, सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं तारखेनुसार फाइलला लावलेली. आम्ही मुद्दाम सकाळी सातला पोचलो, कारण गाडी थंड असताना बघायची. गरम इंजिन सगळी दुखणी लपवतं. बाबांनी स्टार्ट करायला लावलं आणि स्वतः सायलेन्सरमागे उभे राहिले. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, मग टर्बोचं काही खरं नाही. धूर नव्हता. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मी स्वतः शोधलं. या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्चाचा आकडा ऐकून आपणही आपटतो.

पाच लाख दहा हजारांना सौदा ठरला. तुम्हीही जुनी गाडी घेणार असाल तर कागदांचं तेवढं ऐकून ठेवा. नावावर करायला आरटीओचे फॉर्म 29 आणि 30, आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. जुनी ई-चलानं आधी फेडून घ्या. इन्शुरन्स आपल्या नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याचा त्याच्याकडेच राहतो. आणि ट्रॅकवर जाणार असाल तर सगळ्यात महत्त्वाचं: साध्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग बसत नाही. ट्रॅकवर ठोकली, तर पैसे तुमच्या खिशातून. मी एफडीतले उरलेले सव्वा लाख तेवढ्यासाठीच बाजूला ठेवले होते.

त्यातलेही हळूहळू उडालेच. नवे टायर, चांगले ब्रेक पॅड, फुल फेस हेल्मेट. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, ब्रेक ऑइल पण बदलून टाका, काळं पडलंय." बिलाचा आकडा बघून मी म्हटलं, पुढच्या महिन्यात.

हे वाक्य लक्षात ठेवा.

मद्रास इंटरनॅशनल सर्किट चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला आहे. लांबी सुमारे 3.7 किलोमीटर, वळणं बारा. पुण्याहून बाराशे किलोमीटर. एकटीला सोडायला आई तयार नव्हती, त्यामुळे बाबा सोबत. दोन दिवस आम्ही आलटून पालटून चालवत गेलो. मला वाटलं होतं ते सूचनांचा पाऊस पाडतील. ते झोपले!

ट्रॅक डे म्हणजे रेस नसते. सकाळी ब्रीफिंग होतं. कुठला झेंडा दिसला की काय करायचं, ओव्हरटेक कुठे करायचं आणि पुढच्याने हात दाखवल्याशिवाय करायचंच नाही. गाडीतून पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या, सगळं काढायचं. चाकांचे नट पुन्हा आवळायचे. ब्रेक सरळ रेषेत मारायचे, वळणात नाही. आत शिरताना हळू, बाहेर पडताना जोरात.

पहिले दोन राउंड मी आजीबाईसारखी चालवली. तिसऱ्याला मजा यायला लागली. चौथ्या राउंडला मी विसरले की एफडी आहे, ईएमआय नाही, चेक अडकलाय. मेन स्ट्रेटवर टर्बो शिट्टी वाजवतोय आणि डोक्यात दुसरा एकही विचार नाही! ऑफिसात बसून तुम्ही मेडिटेशनचं अॅप लावता ना, ते हेच शोधत असतं.

पाचव्या राउंडला, पहिल्या वळणाआधी मी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. स्पंजासारखं.

जुनं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मुरलं की ते कमी तापमानाला उकळतं. उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे, आणि पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो. हे मला माहीत होतं. यावर मी कधीतरी लेखही लिहिलाय! पण तेव्हा फक्त पाय चालत होते. पेडल पंप केलं, गिअर खाली, आणखी खाली, आणि ट्रॅक सोडून सरळ मातीत. गाडी धुरळ्यात थांबली. एक ओरखडा नाही. समोर कोणी नव्हतं, कंटेनर नव्हता, म्हणून.

पिटमध्ये परत आले तर बाबा भिंतीपाशी उभे. चेहरा पांढरा. फक्त एवढंच म्हणाले, "हँडब्रेक ओढू नकोस, गरम आहेत. गिअरमध्ये ठेव."

संध्याकाळी हायवेवरच्या टपरीवर फिल्टर कॉफी घेताना ते आपणहून बोलायला लागले. 1998 सालचा पावसाळा, वरंध घाट, गाडीत चाळीस माणसं. उतरताना ब्रेक तापले आणि पकडेनासे झाले. "ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम. त्या दिवशी मी घाईत होतो. एक गिअर वर ठेवला होता." गिअर पाडत पाडत, चढाचा तुकडा येईपर्यंत त्यांनी गाडी धरून ठेवली. कोणाला खरचटलंही नाही. अर्ध्या पॅसेंजरांना तर कळलंही नाही. "अपघात झाला नाही, म्हणून नोंद नाही. बिल्ल्यावर ते लिहिलेलं नसतं. तुझ्या आईलाही माहीत नाही."

मग मी त्यांना एक्स्प्रेस वेची रात्र सांगितली. काटा, कंटेनर, मित्राची जागी असलेली आई, सगळं. ते बराच वेळ कॉफीच्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता गाडी विकायला सांगणार.

"ब्रेक ऑइलचे किती वाचवलेस?"

"बाराशे."

"पुढच्या वेळी निघायच्या आधी बदलू. मी समोर उभा राहून करून घेईन."

पुढच्या वेळी! मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते.

येताना कृष्णगिरीपासून बाबांनी स्टेअरिंग घेतलं. 145 हॉर्सपॉवरची गाडी आणि काटा 80 वर चिकटलेला, जणू एसटीचं स्पीड लॉक लावलंय. मागून ट्रकसुद्धा हॉर्न देत होते. पण चित्रदुर्गच्या आसपास, रस्ता अगदी मोकळा असताना, एका ट्रेलरला ओव्हरटेक करायला त्यांनी अॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला. टर्बोने शिट्टी मारली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मिशीत हसले ते मला दिसलं.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. तिने आधी आम्हा दोघांना नीट निरखून पाहिलं, मग गाडीला, आणि विंचवाच्या अगदी वर लिंबू-मिरची बांधली. फ्लॅटचं काय, ते तिने त्या दिवशी विचारलं नाही. पुन्हा विचारेल. एफडी शून्यापासून सुरू केलीय, या महिन्यात दोन हजार टाकले.

आणि हो, बाराशे रुपये देऊन ब्रेक ऑइल बदललं. बाबा समोर उभे होते.