तांब्याचे तोंड

कन्येने एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि आमच्या घरात वस्तुचित्रांचे राज्य सुरू झाले. स्टुलावर तांब्या, शेजारी दोन वांगी, मागे जुने पातळ. वांगी भाजीत गेली, की त्यांच्या जागी बटाटे येत.

एके दुपारी घरात कोणी नाहीसे पाहून मीही पेन्सिल उचलली. आमच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, ते पंधराव्या वर्षी. मी आरंभ केला पंचेचाळिसाव्या!

आठवडाभर रोज एक तांब्या काढला आणि वही कन्येच्या ड्रॉइंगच्या सरांपुढे ठेवली. वीस वर्षे दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल रेघा ओढणारा मी; पण तळहातांना घाम फुटला होता.

"प्रोफेसरसाहेब, तोंड इतके गोल कसे?"

"गोलच असते की! भांडी बाजारातून स्वतः आणलाय."

"असते हो. पण दिसते का?"

त्यांनी मला तांब्यासमोर बसवले. तोंड चक्क चपटे, लंबगोल दिसत होते. डोळे काठाच्या पातळीला नेले, तर त्याची नुसती आडवी रेघ झाली! बूड मी सरळ रेघेने मारले होते. ते नजरेच्या अधिक खाली, म्हणून त्याचा बाक तोंडापेक्षाही जास्त हवा. सरांनी माझे काही खोडले नाही. कोपऱ्यात अंगठ्याएवढा तांब्या काढला, आधी मधली उभी रेघ, मग दोन्ही बाजू. "आता पानभर लंबगोल काढा. मनगटातून नाही, खांद्यातून. आणि रबर घरी ठेवा."

ते पान पाहून सौ. म्हणाली, "जिलब्या बऱ्या जमल्यात."

त्या रात्री निबंधांचा गठ्ठा सोडला आणि गेल्या वर्षीचा एक मुलगा आठवला. त्याने रामकुंडावरची पहाट लिहिली होती. मी आडवे लिहिले होते, 'कल्पनाशक्तीचा अभाव'. कोपऱ्यात माझे एक वाक्यसुद्धा नव्हते. त्यानंतर त्याने वही दाखवली नाही.

परवा त्याला व्हरांड्यात गाठले. "अरे, तो रामकुंडाचा निबंध आणतोस का? पुन्हा वाचायचाय."

तो ओशाळून हसला. "सर, ती वही रद्दीत गेली."