गेला तो बंदा रुपया

जुना सराफ रुपया डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पारखायचा. पेढीवरच्या दगडी फरशीवर तो वरून सोडायचा आणि मान किंचित कलती करून ऐकायचा. खरा राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा रुपया, खणखणत राही, आवाज लांबत जाई. पोटात शिसं भरलेला असेल तर 'बद्द' करून गप्प. शुद्ध चांदी मऊ असते, चार हातांतून फिरली की झिजते. म्हणून बारा भागांत एक भाग तांबं मिसळत. त्यानं नाण्याला कडकपणा यायचा आणि नादही टिकायचा. शिसं मात्र आवाज गिळून टाकतं. विहिणीच्या मानपानापासून सावकाराच्या वसुलीपर्यंत या एका आवाजावर व्यवहार चालले.

रुपयाचं घराणं जुनं, थेट शेरशहा सूरीचं. सोळाव्या शतकात त्यानं सुमारे १७८ ग्रेन चांदीचा रुपया पाडला, मोगलांनी तो चालवला. पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत आणि प्रत्येकावर सराफ वेगळा बट्टा कापत. मुलूख बदलला की रुपया बदलायचा, आणि सराफाचं पोट भरायचं ते त्यावरच. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं १८० ग्रेनचा एकच रुपया सगळीकडे लागू केला. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. दुकानात वजन सापडेना तर ऐंशी रुपये पारड्यात टाकावे, शेर झाला!

या रुपयाचं मोल त्याच्या अंगातच होतं आणि तेच त्याच्या मुळावर आलं. १८७० नंतर जर्मनीनं चांदी सोडून सोनं धरलं, अमेरिकेत नेवाडाच्या खाणी चांदी ओतू लागल्या, भाव कोसळले. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९२ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. लंडनला पाठवायचा खर्च पौंडात आणि सारा रुपयात, त्यामुळे सरकार हादरलं. तोवर कुणीही चांदी टाकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. १८९३ मध्ये तो दरवाजा बंद झाला. पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला गेला. माझ्या मते बंदा रुपया तेव्हाच गेला. उरला तो चांदीवर छापलेला कागद, फक्त वाजणारा.

या दुखण्याची सर्वांत कसून चिकित्सा केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात. अर्थतज्ज्ञ केन्सला पसंत असलेली, रुपया पौंडाला बांधणारी सुवर्णविनिमय पद्धत त्यांनी मुळापासून खोडून काढली. सरकारला हवे तितके रुपये पाडता आले, तर भाववाढीचा मार गरिबालाच बसतो, हा त्यांचा रोख. पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. रुपयावर गहिवरून बोलणाऱ्यांनी तो ग्रंथ एकदा चाळावा, गहिवर ओसरेल.

जाता जाता १९११ च्या रुपयाची गंमत. पंचम जॉर्जच्या झग्यावर एक इवलासा हत्ती कोरला होता. सोंड आखूड, म्हणून 'हा तर डुक्कर' अशी ओरड झाली. सरकारनं रुपये परत घेऊन वितळवले आणि पुढच्या वर्षी हत्तीला नीट सोंड दिली.

मग चांदीच्या भावाचा उलटा फेरा आला. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपया वितळवणं फायद्याचं ठरलं. लोक नाणी पुरून ठेवू लागले. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट निघाली आणि १९१८ मध्ये अमेरिकेनं आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी इकडे विकली. दुसऱ्या युद्धात तेही पुरलं नाही. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली, उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त. १९४५ नंतर असाही रुपया पडला नाही. १९४७ चा निकेलचा. अमेरिकेकडून दुसऱ्या युद्धात उसनी घेतलेली चांदी फेडायची होती, म्हणून हे निमचांदीचे रुपये गोळा करून त्यांतली चांदी वेगळी काढली आणि परत धाडली.

आता चांदीचा जुना रुपया लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो, हवेतल्या गंधकानं काळवंडलेला. रिठ्याच्या पाण्यात घासला की पुन्हा पांढरा होतो. मोडीला नेलात तर सराफ वजन करतो आणि बाराव्या भागाचे पैसे कापून घेतो. तेवढं एक करा: मोडण्याआधी साल बघा. १९३९ चा निघाला तर सराफाकडे नेऊ नका, संग्राहकाकडे न्या. अकरा भाग चांदीचा तो शेवटचा रुपया आणि फारच थोडे बाहेर आले. बनावट मात्र खूप आहेत, तेव्हा आधी फरशीवर टाकून ऐका.